खाऱ्या पाण्यातली झाडे आणि आपला मेंदू

(भावनगर येथे मंडळाच्या गणेशोत्सवात पाचव्या दिवशी झालेल्या व्याख्यानाचे लेखी रूप)



सुरुवातीलाच एक कबुली देतो. मी डॉक्टर नाही, वैद्य नाही, वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापकही नाही. स्थापत्य शाखेचा डिप्लोमा घेऊन रेल्वेत लागलो आणि गेली बावीस वर्षे रूळ, स्लीपर आणि खडी यांच्या संगतीत काढली. रेल्वेच्या भाषेत मी 'पी-वे'चा माणूस. "यंदा बाहेरचा वक्ता नको, आपल्यातलाच कोणीतरी बोला" असे म्हणत कार्यवाहांनी माझ्याकडे बोट दाखवले, तेव्हा मी रुळांवर बोलायची तयारी दाखवली. त्यांनी हात जोडले. म्हणाले, "साहेब, आरतीनंतर लोकांना जागे राहू द्या."

म्हणून आज विषय वेगळा घेतला आहे. तो माझ्या घरात घडलेला आहे, आणि ज्या देवतेपुढे आपण बसलो आहोत तिच्याशी त्याचा थेट संबंध आहे. गणपती ही बुद्धीची देवता. दरवर्षी आपण त्याच्याकडे बुद्धी मागतो. पण आहे ती बुद्धी वयाबरोबर हातातून निसटू लागली तर काय करायचे, याचा विचार आपण सहसा करत नाही. मीही केला नव्हता.

माझ्या आईला आपल्यापैकी बहुतेकजण ओळखता. अथर्वशीर्षाच्या आवर्तनांना ती पहिल्या रांगेत बसायची. नव्याने शिकणाऱ्या मुली तिच्या तोंडाकडे बघून म्हणायच्या. तीन वर्षांपूर्वीच्या उत्सवात म्हणता म्हणता ती थांबली, मागे गेली, पुन्हा त्याच जागी येऊन थांबली. बाकीच्यांनी पुढे नेले म्हणून ते निभावले. घरी आल्यावर सौ. मला म्हणाली, "आज आईंचं काहीतरी चुकलं. आणि हे पहिल्यांदा नाही झालं." मग एकेक गोष्ट आठवू लागली. नारळ खवून झाला का, हे आईने त्या दिवशी तीनदा विचारले होते. गॅसवर दूध ठेवून ती बाल्कनीत जाऊन बसली होती. फोनवर मावशीशी बोलताना ती नुसतेच "हो, हो" म्हणत होती.

अशा वेळी माणूस काय करतो? शहाणा माणूस डॉक्टरकडे जातो. मी औषध शोधायला निघालो. त्याच सुमारास एका प्रदर्शनात एका विक्रेत्याने मला एक बरणी दाखवली. समुद्रकाठच्या खाऱ्या जमिनीत उगवणाऱ्या झाडाची पूड. बरणीवर मेंदूचे चित्र. "परदेशात यावर संशोधन झालंय साहेब, स्मरणशक्तीला रामबाण." झाड कोणते म्हणून विचारले, तर त्याने फोटो दाखवला. ते झाड मी ओळखले. रोज ट्रॉलीवरून बघतो तेच ते, आपल्या खारपाटावरचे. मला वाटले, देवाने औषध आपल्या दारातच ठेवले आणि आपण बावीस वर्षे त्याच्या शेजारून ट्रॉली नेत राहिलो. दोन बरण्या घेतल्या.

पुढे काय झाले ते सांगतोच. पण आधी त्या झाडाची ओळख करून देतो, कारण विक्रेता सगळेच खोटे बोलत नव्हता. तेच तर अवघड होते.

मंडळी, आपण खंबातच्या आखाताच्या काठी राहतो. भरती-ओहोटीतला फरक इथे दहा मीटरच्या आसपास जातो. भरतीला समुद्र आत शिरतो, ओहोटीला मैलोन् मैल चिखल उघडा पडतो. त्या चिखलात आणि मागच्या खारपाटात साधे गवतही तग धरत नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असते. तुळशीला ते पाणी घालून बघा, आठवड्यात माना टाकेल. मुळाबाहेर मीठ जास्त असले की पाणी आत यायच्या ऐवजी झाडाला पाणी ओढणेच अशक्य होऊन बसते. पाण्यात उभे राहून तहानेने मरावे, अशी ती गत.

तरीही काही झाडे तिथे मजेत जगतात. त्यांना लवणसह वनस्पती म्हणतात. मिठाशी जमवून घेण्याच्या त्यांच्या तऱ्हा वेगवेगळ्या आहेत. पहिली तऱ्हा कांदळाची. कोकणातल्या मंडळींना खाडीकाठचे ते आधारमुळांवर उभे असलेले झाड माहीत असेल. ते बहुतेक मीठ मुळाशीच गाळून बाहेर ठेवते. दुसरी तऱ्हा तिवराची, ज्याला इथे 'चेर' म्हणतात. तेही बरेचसे मीठ मुळाशी अडवते, आणि जे आत येते ते पानांवरच्या सूक्ष्म ग्रंथींमधून बाहेर टाकते. उन्हाळ्यात तिवराचे पान जिभेला लावून बघा, खारट लागेल. तिसरी तऱ्हा आपल्या खारपाटावरच्या त्या छोट्या झुडपाची. त्याचे नाव सॅलिकॉर्निया ब्रॅकिएटा. पाने जवळपास नाहीतच, नुसत्या सांध्यासांध्यांच्या मांसल हिरव्या कांड्या. पावसाळ्यानंतर ते हळूहळू लालसर होते. ते मीठ बाहेर टाकत नाही. आत घेते आणि पेशींमधल्या कप्प्यांत साठवून ठेवते. ही तिसरी तऱ्हा लक्षात ठेवा, तिच्याशी पुढे माझी गाठ पडणार आहे.

आता यात औषधाचा संबंध कुठे आला? इथे मला माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगावीच लागेल. कार्यवाहांनी क्षमा करावी.

समुद्राजवळच्या ट्रॅकचा मोठा शत्रू म्हणजे गंज. लोखंडाला हवा लागते, ओल लागते, त्यात मीठ मिसळले की गंज कितीतरी वेगाने चढतो. त्यातला सर्वांत वाईट गंज दिसत नाही. रूळ स्लीपरला धरून ठेवणाऱ्या क्लिपखाली लायनर नावाची पट्टी असते. तिच्या खाली खारी ओल धरून राहते आणि रुळाचा पाया आतून खात जाते. आम्ही त्याला 'लायनर बाइट' म्हणतो. वरून रूळ चकचकीत, गाड्या धडधडत जात असतात. क्लिप काढून बघितली की खाली खड्डा. म्हणून किनाऱ्याच्या सेक्शनमध्ये क्लिपा वेळोवेळी काढायच्या, घासायच्या, ग्रीस लावायचे, रुळाच्या पायाला काळा गंजरोधक रंग द्यायचा. हे काम चुकवले तर एक दिवस रूळ तुटतो.

सजीवांच्या शरीरातही गंजाच्या जवळची एक क्रिया चालू असते. प्राणवायू वापरताना काही आक्रमक रेणू तयार होतात आणि ते पेशींना इजा करतात. झाडावर मिठाचा ताण आला की असे रेणू त्याच्यात फार तयार होतात. पळून जाणे झाडाला शक्य नसते. म्हणून ते आपला गंजरोधक रंग आपणच बनवते. फिनॉल, फ्लेव्होनॉइड अशा वर्गातली ही रसायने. खारपाटावरच्या झाडांत ती भरपूर सापडतात, कारण त्याशिवाय ती झाडे तिथे उभीच राहिली नसती.

आणि मेंदू? आपल्या वजनाच्या अवघा २ टक्के, पण शरीराच्या एकूण प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो. शिवाय तो स्निग्ध पदार्थांनी भरलेला. म्हणजे गंज चढायला अगदी सोयीची जागा. त्यामुळे मेंदूच्या विकारांवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांचे लक्ष या झाडांकडे गेले, हे ओघाने आलेच.

दुसरेही एक कारण आहे. स्मृतिभ्रंशाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे अल्झायमर. त्यात मेंदूतला अ‍ॅसिटिलकोलीन नावाचा निरोप्या कमी पडतो. त्याचे विघटन करणाऱ्या एन्झाइमला थोडा लगाम घातला, तर उरलेला निरोप्या जास्त वेळ टिकतो. या तत्त्वावरची औषधे आज वापरात आहेत. त्यातले गॅलँटामीन मुळात युरोपातल्या स्नोड्रॉप नावाच्या फुलझाडात सापडले आणि २००१ साली अमेरिकेत अल्झायमरसाठी मंजूर झाले. तेव्हा झाडापासून मेंदूचे औषध मिळणे ही कविकल्पना नाही.

मग खारे झाड का नको? तामिळनाडूतल्या वेल्लार नदीच्या मुखाजवळच्या चार लवणसह वनस्पतींची याच एन्झाइमवर चाचणी झाली. २००९ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चौघींत कांदळाच्या कुळातली ऱ्हायझोफोरा लॅमार्की सरस ठरली. कोरियात सॅलिकॉर्नियाची आपल्या झाडाची एक बहीण खाल्ली जाते. तिचा अर्क, औषधाने मुद्दाम विसराळू केलेल्या उंदरांना दिला, तर त्यांची स्मृती सुधारल्याचे दिसले. म्हणजे विक्रेत्याचे 'परदेशात संशोधन झालंय' हे वाक्य खरे होते.

पण मंडळी, रेल्वेत नवे इंजिन आले की ते लगेच राजधानीला जोडत नाहीत. आधी कारखान्यात तपासणी, मग लखनौच्या आरडीएसओच्या चाचण्या, मग ठरावीक वेगाने धावून बघणे, शेवटी रेल्वे सुरक्षा आयुक्तांची मंजुरी. त्यानंतर प्रवासी. औषधाचेही तसेच आहे. काचनळीतली चाचणी म्हणजे यार्डात इंजिन चालू करून बघणे. उंदरांवरचा प्रयोग म्हणजे रिकामी गाडी सायडिंगवर फिरवणे. माणसांवरच्या चाचण्या, त्याही अर्ध्या लोकांना खरे औषध आणि अर्ध्यांना त्याच्यासारखी दिसणारी निरुपयोगी गोळी देऊन, हे झाल्यावरच गाडी मेन लाइनवर येते. काचनळीत पास झालेले रसायन पोटात टिकायला हवे, यकृतातून सुटायला हवे, आणि रक्त व मेंदू यांच्यामध्ये निसर्गाने घातलेला कडक अडसर ओलांडून आत पोहोचायला हवे. तिथपर्यंत बहुतेक गाड्या पोहोचतच नाहीत. खारपाटावरची ही झाडे मेंदूच्या बाबतीत अजून यार्डात आणि सायडिंगवर आहेत. मी माझ्या आईला त्या गाडीत बसवले होते.

आता काय झाले ते सांगतो.

सकाळी दोन चमचे, संध्याकाळी दोन चमचे, ताकातून. आई पहिल्याच दिवशी म्हणाली, "अरे, हे फार खारट लागतंय." मी म्हटले, "आई, औषध आहे ते. घे डोळे मिटून." तिने घेतले. आपल्या आया मुलाने हातात दिलेले काहीही घेतात. रोज दोन्ही वेळा तोंड वाकडे करून घ्यायची, पण एकदाही चुकवले नाही. सहा आठवडे.

एके सकाळी ती न्हाणीघराच्या दारात कठडा धरून उभी होती. डोके गरगरत होते, शब्द नीट फुटत नव्हते. उचलून दवाखान्यात नेले. रक्तदाब १९०/११०. डॉक्टर गुजराती, वयाने माझ्याहून लहान. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मागच्या दीड-दोन महिन्यांत नवीन काय सुरू केलं?" मी बरणीचे सांगितले. ते म्हणाले, "उद्या घेऊन या."

त्या रात्री झोप लागली नाही. शेवटी उठलो, पोरीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी आणलेल्या वजनकाट्यावर दहा ग्रॅम पूड मोजली, गरम पाण्यात ढवळली, फडक्यातून दोनदा गाळली आणि ते पाणी गॅसवर आटवत ठेवले. भांड्याच्या तळाशी मळकट पांढरे खडे उरले. वाळवून वजन केले तर साडेतीन ग्रॅमच्या आसपास. जिभेवर ठेवले. मीठ.

ही काही प्रयोगशाळेची चाचणी नव्हे, पण हिशेब करायला पुरेशी होती. चार चमचे म्हणजे रोजची बारा ग्रॅम पूड. त्यात चार ग्रॅमच्या वर मीठ. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला एकूण ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. आईच्या आमटी-भाजीत, लोणच्यात, पापडात होते ते वेगळेच. त्यावर मी रोज चार ग्रॅम चढवत होतो, रक्तदाब असलेल्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला.

ती तिसरी तऱ्हा आठवते ना? हे झाड मीठ बाहेर टाकत नाही, पोटात साठवते. वाळवले की पाणी जाते, मीठ राहते. कोरियातल्या संशोधकांना हे ठाऊक होते. उंदरांना दिलेला त्यांचा अर्क आधी मीठ काढून टाकलेला होता. माझ्या बरणीवर मात्र मिठाचा उल्लेख कुठेही नव्हता. आणि आपल्या भावनगरातच केंद्रीय नमक व समुद्री रसायन संशोधन संस्था आहे. तिने याच सॅलिकॉर्नियापासून 'वनस्पतिजन्य मीठ' काढण्याची पद्धत विकसित केली आहे. ज्या झाडापासून लोक मीठ काढतात, त्याची पूड मी औषध म्हणून देत होतो! गंजरोधक रंगाच्या आशेने मी रुळावर रोज समुद्राचे पाणी शिंपडत होतो, असेच म्हणा ना.

कारण मिठाचा आणि मेंदूचा संबंध सरळ आहे. जास्त मिठाने रक्तदाब वाढतो. वाढलेला रक्तदाब मेंदूतल्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षे आतून खात जातो. वरून माणूस ठणठणीत, बोलतो, हसतो, अथर्वशीर्ष म्हणतो. आत लायनर बाइट चालू असते. आईच्या एमआरआयमध्ये तेच निघाले. पुष्कळ जुने, बारीक बारीक डाग. ते माझ्या सहा आठवड्यांनी झाले नव्हते. पण त्यात मी भर घालत होतो, आणि त्याहून वाईट म्हणजे सहा आठवडे वाया घालवत होतो. डॉक्टरांनी रक्त तपासले तेव्हा ब-१२ जीवनसत्त्व फार कमी निघाले. ते कमी पडले तरी माणूस विसरू लागतो, आणि ते इंजेक्शनने भरून काढता येते. कानांची तपासणी केली, तर दोन्ही कानांनी कमी ऐकू येत होते. फोनवर ती "हो, हो" का म्हणत होती, ते तेव्हा कळले.

यानंतर मी वाचायला लागलो, आणि त्यातून तीन-चार गोष्टी आपल्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट. आपल्या देशातल्या एका मोठ्या पाहणीवरून २०२३ साली असा अंदाज मांडला गेला की साठीच्या पुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे जवळजवळ ८८ लाख माणसांना, स्मृतिभ्रंश आहे. आपल्या मंडळातही हे घराघरात असणार. फक्त कोणी बोलत नाही. 'म्हातारपण आहे' म्हणून सोडून देतो, नाहीतर माझ्यासारखी बरणी आणतो.

दुसरी गोष्ट. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगाने २०२४ साली सांगितले की आयुष्यभरातली चौदा कारणे आटोक्यात आणली, तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येऊ शकतात. त्या यादीत रक्तदाब आहे, मधुमेह आहे, वाईट कोलेस्टेरॉल आहे, धूम्रपान, दारू, बैठे जीवन आहे. कमी ऐकू येणे आहे, आणि एकटे पडणेही आहे. अमेरिकेत हजारो लोकांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१९ साली आले. रक्तदाब नेहमीपेक्षा कडक आटोक्यात ठेवलेल्यांमध्ये स्मृतीची सौम्य घट १९ टक्के कमी दिसली. प्रत्यक्ष स्मृतिभ्रंशात मात्र ठाम म्हणावा असा फरक दिसला नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. चीनमध्ये ६०० खेड्यांतल्या सुमारे २१ हजार लोकांवर झालेला प्रयोग तर मिठाचाच होता. निम्म्या खेड्यांना नेहमीचे मीठ, निम्म्यांना चौथा हिस्सा पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले. पाचेक वर्षांनी दुसऱ्या गटात पक्षाघात १४ टक्के कमी होते. हे निष्कर्ष २०२१ साली आले. पक्षाघात मेंदूचाच असतो, हे मी सांगायला नको. असे मीठ मूत्रपिंडाच्या रुग्णांनी आणि काही औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, एवढे मात्र लक्षात ठेवा.

तिसरी गोष्ट ब्राह्मीची. व्याख्यानाचा विषय कळल्यापासून चार जणांनी मला विचारले, "मग ब्राह्मी घ्यायची की नाही?" ब्राह्मी ही खरी खारपाटाची वनस्पती नाही. ती ओलसर जागी वाढते, पण खाडीकाठच्या निमखाऱ्या पाण्यातही तग धरते, म्हणून आपल्या विषयाच्या वेशीवर ती उभी आहे. आधी नावाचा घोळ समजून घेऊ. शास्त्रीय नावाने 'बकोपा मोनिएरी' ही जाडसर, छोट्या लांबट पानांची जलब्राह्मी. आणि 'सेंटेला एशियाटिका' ही गोल, बेडकाच्या पावलासारख्या पानांची मंडूकपर्णी. कोणी पहिलीला ब्राह्मी म्हणतो, कोणी दुसरीला. चरकसंहितेतल्या चार मेध्य रसायनांत मंडूकपर्णीचे नाव आहे. दोन्ही मोठ्या आहेत, पण दोन्ही एक नाहीत. बाटलीवर शास्त्रीय नाव बघितल्याशिवाय आपण काय घेतो आहोत ते कळणार नाही.

जलब्राह्मीवर मात्र गाडी मेन लाइनपर्यंत आली आहे. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत तिच्या अर्कावर काम झाले. १९८२ साली उंदरांवरचे निष्कर्ष आले आणि पुढे माणसांवर चाचण्या झाल्या. ऑस्ट्रेलियात ४० ते ६५ वयाच्या ७६ जणांवर झालेल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असे दिसले की नवे शिकण्याचा वेग वाढला नाही, पण शिकलेले विसरण्याचे प्रमाण घटले. अमेरिकेत ६५ च्या वरच्या ५४ जणांवर, रोज ३०० मिलिग्रॅम अर्क बारा आठवडे देऊन केलेली चाचणी २००८ साली आली. तिथेही आठवण्याच्या परीक्षेत थोडी सुधारणा दिसली. आता यातले शब्द नीट ऐका. 'थोडी', 'बारा आठवडे', आणि निरोगी माणसांत. अल्झायमर बरा झाला, असे यातल्या कोणीही म्हटलेले नाही. काहींना मळमळ, पोटात कळा, वारंवार शौचाला जाणे असा त्रासही झाला. शिवाय ही वनस्पती पाण्यातले शिसे, कॅडमियम असे जड धातू शोषून घेते. म्हणून सांडपाण्याच्या नाल्याकाठची ब्राह्मी उपटून चटणी करू नका. घ्यायची असेल तर खात्रीची घ्या, आणि चालू असलेल्या औषधांची यादी डॉक्टरांना दाखवून घ्या.

चौथी गोष्ट तिवरांची. उद्या कोणी म्हणेल, 'मग ही झाडे निरुपयोगी आहेत.' अजिबात नाही. उद्याचे गॅलँटामीन कदाचित याच चिखलात उभे असेल. देशात सुमारे ५ हजार चौरस किलोमीटर खारफुटी आहे आणि तिच्या क्षेत्रात पश्चिम बंगालनंतर आपल्या गुजरातचा क्रमांक लागतो. झाड शिल्लक राहिले तर त्यातले औषध कधीतरी सापडेल. पाडून मिठागर केले तर फक्त मीठ सापडेल. आपण विसर्जनाला किनाऱ्यावर जातो तेव्हा निर्माल्याच्या प्लास्टिकच्या पिशव्या त्या चिखलात टाकून येतो, तिथेच तिवरांची रोपे उगवत असतात. मंडळाने यंदा निर्माल्यासाठी टोपल्या ठेवल्या आहेत, त्याबद्दल कार्यकारिणीचे मनापासून अभिनंदन.

असो. पी-वेच्या माणसाने शेवटी आपल्याच भाषेत सांगावे. आमच्याकडे चांगला इन्स्पेक्टर तो, जो रूळ तुटायची वाट बघत नाही. क्लिप काढून खाली बघतो. आपल्या घरातल्या साठीच्या पुढच्या माणसाची क्लिप वर्षातून एकदा काढून बघा. रक्तदाब, साखर, ब-१२, थायरॉइड, कान आणि डोळे. आणि ते माणूस "खारट लागतंय" म्हणाले, तर त्याचे ऐका. माझी आई पहिल्याच दिवशी खरे सांगत होती. तिच्या स्मृतीवर मला शंका होती, पण तिच्या जिभेवर तरी विश्वास ठेवायला हवा होता.

आईची स्मृती पूर्ववत झालेली नाही. होणारही नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. पण तीन वर्षांत ती फारशी घसरलेलीही नाही. रक्तदाब आटोक्यात आहे, ब-१२ भरून निघाले आहे, कानाला यंत्र आहे. लोणचे बंद केल्याबद्दल ती माझ्यावर अजून रागावलेली आहे, आणि ते मात्र तिच्या पक्के लक्षात राहते. यंदा आवर्तनांना ती पुन्हा पहिल्या रांगेत बसली, शेजारी माझी मुलगी. दोन ठिकाणी आई अडखळली, दोन्ही वेळा पोरीने हळूच पुढचा शब्द सांगितला. पोरीला ते सगळे आजीनेच शिकवले आहे.

आता खालच्या हॉलमध्ये फराळाची व्यवस्था आहे. चिवड्यात मीठ बेताचे घालायला मी स्वयंपाकघरात सांगून आलो आहे, तेव्हा तो अळणी लागला तर दोष आचाऱ्याला देऊ नका.



गणपती बाप्पा मोरया!